विसर्जनाचं कलम

डेनीस ऑक्सटोबीच्या खोलीला खिडकी नाही,
दोन कपाटं आहेत.
एकात फायली, दुसऱ्यात उसन्या द्यायच्या वस्तू:
चहाचा बंब, ज्याची तोटी गळते,
घडीचा तंबू, एक दांडा टेपने बांधलेला,
आणि वीस मीटर वायर, जी दर वेळी
वेगळ्याच गाठीने गुंडाळून परत येते.
गाठ बघून डेनीस सांगते, कुणी नेली होती.

हलमध्ये समुद्र बऱ्याच घरांपेक्षा उंचावरून बघतो.
तीन माणसं आणि एक किटली जमली
की इथे मंडळ होतं.
मग बँक विचारते, तुमची घटना कुठाय,
आणि कुणीतरी म्हणतं, डेनीसकडे जा.

ती दोन पानांत घटना बसवून देते.
"खजिनदार कोण?" म्हटल्यावर
सगळे आपापल्या बुटांकडे बघतात,
हे तिला एकवीस वर्षांत पाठ झालंय.
ती बिस्किटं पुढे करते.
ज्याचा हात आधी येतो तो खजिनदार.

शेवटचं कलम मात्र ती मोठ्याने वाचत नाही.
मंडळ बंद करावे लागल्यास.
साखरपुड्यात कुणी वाटणीचं बोलतं का?

गुरुवारी क्लिफर्ड ब्लेंकिन आला,
काखेत पत्र्याचा डबा.
आइसलंडच्या पाण्यात कॉड धरलेली माणसं,
किनाऱ्याला लागल्यावर
मंगळवारचं काय करायचं ते न कळलेली,
त्यांचं हे चहा मंडळ.
"सदतीस होतो. मग नऊ. मग मी नि रॉय.
रॉय ऑगस्टात गेला."
डब्यात त्रेचाळीस पौंड सतरा पेन्स.
खात्यात दोनशे अकरा, पण त्याला दोन सह्या लागतात.

बँकेच्या फोनवर एकावन्न मिनिटं
तेच आठ सूर वाजत राहिले.
क्लिफर्ड पायाने ताल धरून बसला.
शेवटी एक मुलगी आली, गोड आवाजाची:
"दुसऱ्या सहीवाल्यांना जरा फोन देता?"
डेनीस म्हणाली, "नाही हो."
क्लिफर्ड एवढा हसला की त्याला पाणी द्यावं लागलं.

मग कलम वाचलं.
उरलेला पैसा तशाच हेतूच्या मंडळास द्यावा.
हेतू? पिवळ्या कागदावर, टाइप केलेला,
एकच ओळ:
मंगळवारी एकमेकांना सोबत करणे.
"रॉयनं लिहिलंय," क्लिफर्ड म्हणाला,
"त्याला एकाच बोटानं टाइप यायचं."

डेनीसने पहिलं कपाट उघडलं.
कबुतरवाले. पक्षाघातातून उठलेल्यांचा गायनसंघ.
मंगळवारीच, त्याच हॉलमध्ये, कुर्दी बायकांचा शिवणवर्ग.
कुठे आरोग्य होतं, कुठे कौशल्य,
कुठे स्थानिक सहभागात वाढ.
सोबत कुठेच नव्हती.
तिनेच खोडायला लावली होती,
फायलीमागून फाइल, निळ्या पेनने:
हा शब्द अनुदानवाल्यांना कळत नाही, दुसरा घाला.
गेलावेझच्या पहिल्या कच्च्या अर्जात
तो चारदा होता.

ती बराच वेळ उभीच.
क्लिफर्डला वाटलं, कागद सापडत नसावा.
"या शिवणाऱ्या बायका," तो म्हणाला, "चहा कशात करतात?"
"हा बंब नेतात. गळका."
त्याने बंब आडवा घेतला मांडीवर,
खिशातल्या सुरीने तोटी सोडवली,
उजेडाकडे धरून आत फुंकली.
"वायसर गेलाय. घरी आहे माझ्याकडे. असावा."

आणि तोटी डब्यात टाकली, पैशांवर.

उसनवारीच्या वहीत डेनीसने लिहिलं:
तोटी, एक. नेणार: सी. ब्लेंकिन.
मंडळाच्या रकान्यात जरा अडखळून
जुनंच नाव.
परत कधी, तिने विचारलं.
तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत
बोटं मोजू लागला.